हादऱ्यांच्या नोंदवहीत नाव कुणाचं?

‘पायाखालची जमीन’ हा विषय संपादकांनी दिला, तेव्हा डोक्यात आधी ऊस आला, मग धरणग्रस्त, मग पुण्याच्या रस्त्यालगतचे एनए प्लॉट. भूकंप सगळ्यांत शेवटी आला. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातल्या माणसाचं असंच होतं. पाटण तालुक्यात चहा पिताना बशीतला कप किणकिणला तर कुणीतरी मान वर करून ‘आला’ म्हणतं आणि दुधाच्या दराचं बोलणं पुढं चालू राहतं. हादरे सोसणाऱ्यांवर पुष्कळ लिहून झालंय. म्हणून यावेळी हादरे मोजणाऱ्यांकडं जायचं ठरवलं, त्यातही जे या कामात नुकतेच पडलेत त्यांच्याकडं. भूकंपशास्त्र हा काही कुणी सहजासहजी निवडायचा धंदा नव्हे. डॉक्टरला रुग्ण बरा झालेला दिसतो, इंजिनिअरला पूल उभा राहिलेला दिसतो. भूकंपवाल्याला आयुष्यभर मिळतात ते कागदावरचे वेडेवाकडे फराटे, आणि गावात गेलं की एकच प्रश्न : पुढचा कधी?

कराडबद्दल बाहेरच्यांना माहीत असतं ते प्रीतिसंगम आणि यशवंतराव चव्हाणांची समाधी. पण गावाला लागून असलेल्या हजारमाचीत केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची ‘बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी’ आहे, हे खुद्द कराडात विचारलं तरी दहातल्या आठांना ठाऊक नसेल. जमिनीत खोल भोकं पाडून भूकंपाच्या जागेच्या शक्य तितकं जवळ जायचं, हे तिचं काम. भोक पाडताना आतून खडकाचे जे लांबट दंडगोल निघतात, त्यांना ‘कोअर’ म्हणतात. ते खोलीप्रमाणं क्रमानं मांडले की सह्याद्री आडवा पाडून समोर ठेवल्यासारखा वाचता येतो. आधी काळा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, त्यांतला. कुठं भरीव, कुठं बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पांढरे खडे भरलेला. मग एका ठिकाणी काळा रंग संपतो आणि करडा-गुलाबी ग्रॅनाइट-नाइस लागतो, अब्जावधी वर्षांचा. कोयनेजवळ रासाटीला ही वेस सुमारे 933 मीटरवर लागली. त्याच्या दक्षिणेला गोठण्यात बेसाल्ट 1,200 मीटरहून जाड निघाला. बेसाल्ट आणि ग्रॅनाइट-नाइसच्या मध्ये गाळाच्या खडकाचा थर असावा असा काहींचा कयास होता. तो निघाला नाही. काळ्या दगडाखाली थेट जुना दगड. आणि कोयनेचे भूकंप होतात ते बहुतेक या जुन्या दगडात, दहा किलोमीटरच्या आतल्या खोलीवर.

आधीच लिहून ठेवलेलं

कोयनेची गोष्ट साधारणपणे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेपासून सांगतात. चार वाजून एकवीस मिनिटं, 6.3 रिश्टर, कोयनानगरची वसाहत जमीनदोस्त, पावणेदोनशेहून अधिक मृत्यू, दीड हजारांवर जखमी, मुंबईची वीज गेलेली. मला मात्र त्याच्या आधीची चार वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

धरणात पाणी साठायला 1961-62 च्या सुमारास सुरुवात झाली आणि लवकरच काठच्या गावांतून गुरगुर ऐकू येत असल्याच्या, भांडी वाजत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. तेव्हाच्या समजुतीनुसार दख्खनचं पठार म्हणजे हलायचं नाव न घेणारी जमीन. इमारतींच्या मानकांसाठी 1962 मध्ये देशाचा जो भूकंप-नकाशा झाला, त्यात पठाराचा बराचसा भाग चक्क ‘शून्य’ क्रमांकाच्या विभागात होता. तरीही खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रानं, म्हणजे सीडब्ल्यूपीआरएसनं, 1963 पासून धरणाच्या आसपास भूकंपमापक बसवले. त्या काळच्या वुड-अँडरसन यंत्रात फराटा उमटायचा तो फोटोच्या कागदावर. रोज कागद बदलायचा, अंधाऱ्या खोलीत धुवायचा, वाळवायचा, भिंग घेऊन वाचायचा. पावसाळ्यात कोयनेला महिनामहिना सूर्य दिसत नाही, तिथं कागद वाळवणं हेसुद्धा एक कामच.

याच नोंदींवरून एस. के. गुहा, पी. डी. गोसावी, जे. जी. पडळे आणि एस. सी. मारवाडी यांनी शिवाजीसागर जलाशयाच्या परिसरातल्या भूकवचाच्या हालचालींवर निबंध लिहिला. तो 1966 मध्ये रुडकीच्या परिसंवादात मांडला गेला. मोठ्या भूकंपाच्या जवळपास एक वर्ष आधी! जलाशय भरतोय आणि जमीन हलतेय, हे चार माणसांनी आकड्यांनिशी लिहून ठेवलं होतं. पुढं 13 सप्टेंबर 1967 ला पाचच्या वरचा धक्का बसला आणि डिसेंबरात मुख्य. यातून ‘सरकारला माहीत होतं’ असा आरोप काढायचा मोह होतो. पण तो अन्याय होईल, कारण लहान धक्क्यांच्या मागून मोठा येईलच असं त्या वेळी कुणी सांगू शकत नव्हतं, आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. जगातल्या पाठ्यपुस्तकांत कोयना आली ती या कागद धुणाऱ्यांमुळं. आधीची नोंद नसती तर मोठ्या भूकंपाआधी आणि भूकंपानंतर अशी तुलनाच करता आली नसती.

दुसरी नोंद धरणाच्या पोटातली. कोयनेचं धरण 103 मीटर उंच. त्याच्या एका गॅलरीत प्रवेगमापक बसवलेला होता. त्या पहाटे धरण किती जोरानं हललं हे त्यानं टिपलं, आणि धरणाला तडे कुठं गेले तेही समोर दिसत होतं : पायापासून सुमारे 66 मीटरवर, जिथं मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथं. एकाच धरणाचं हलणंही मोजलेलं आणि इजाही दिसलेली, असं तोवर जगात जवळजवळ कुठं नव्हतं. बर्कलेच्या विद्यापीठात अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी त्यावर केलेलं काम 1973 मध्ये छापून आलं. आज ‘अबॅकस’ नावाच्या संगणक प्रणालीच्या उदाहरणसंग्रहात कोयनेचं धरण आहे. कुठल्या तरी परदेशी विद्यापीठातली पोरं परीक्षेसाठी आपलं धरण पडद्यावर हलवतात, त्याला तडे पाडतात, पुन्हा हलवतात. पाटणच्या एखाद्या पोराला हे सांगितलं तर तो आधी हसेल, मग विचारेल की धरणाला परत भक्कम केलं का. केलं, मागच्या बाजूनं आधाराचे जाड खांब देऊन.

पंचविशीतला प्रश्न

भूकंप झाला तेव्हा हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था, एनजीआरआय, सहा वर्षांची होती आणि तिथले हर्ष गुप्ता पंचवीस वर्षांचे. धनबादच्या इंडियन स्कूल ऑफ माइन्समधून शिकून आलेले. संचालक हरी नारायण, सहकारी बी. के. रस्तोगी आणि इंद्र मोहन यांच्यासह त्यांनी कोयनेच्या भूकंपाचा अभ्यास केला, तो 1969 मध्ये अमेरिकेतल्या सिस्मॉलॉजिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये आला. पण खरी मजल 1972 च्या लेखात मारली. तोवर जगात चार ठिकाणी मोठ्या जलाशयांजवळ सहाच्या वरचे भूकंप झालेले होते : चीनमध्ये शिनफेंगच्यांग 1962, आफ्रिकेत झांबेझीवर करिबा 1963, ग्रीसमध्ये क्रेमास्ता 1966 आणि आपली कोयना. गुप्ता, रस्तोगी आणि नारायण यांनी ते शेजारी शेजारी ठेवून विचारलं की यांच्यात समान काय? मोठ्या धक्क्याच्या आधी लहान धक्के, नंतर लांबत जाणारे धक्के, लहान-मोठ्यांचं एक विशिष्ट प्रमाण, पाणी किती वेगानं चढलं, किती दिवस वर राहिलं. चार वर्षांनी गुप्ता आणि रस्तोगी यांचं ‘डॅम्स अँड अर्थक्वेक्स’ हे पुस्तक आलं. लेखकांची वयं अजून तरुणच.

मला यातली एक गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. या तरुणांकडं त्या काळची सर्वांत भारी यंत्रं नव्हती. त्यांच्याकडं होता तो पत्रव्यवहार. कुठल्या देशात कुठल्या धरणाजवळ काय हललं, याची माहिती त्या काळी पोस्टानं मागवावी लागे. भूकंपशास्त्र पहिल्यापासून असंच देवाणघेवाणीवर चाललंय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन मिल्न यांनी आपली यंत्रं जगभरच्या वेधशाळांत बसवली. मुंबईची कुलाबा वेधशाळा त्यांतलीच एक. सगळ्यांनी आपापल्या नोंदी इंग्लंडमधल्या एका बेटावर पाठवायच्या आणि तिथून एकत्र यादी निघायची. एकट्या केंद्राला भूकंप कुठं झाला ते धड सांगताच येत नाही. निदान तीन केंद्रांनी हात धरावा लागतो. शास्त्राचा स्वभावच सामाईक.

वजन की झिरप?

धरणामुळं भूकंप कसा होतो, हे गावात विचारलं तर उत्तर तयार असतं : एवढ्या पाण्याचं वजन, जमीन दबणारच. पटतं, पण हिशेब मांडला की अडतं. शंभर मीटर खोल पाण्याचा तळावरचा दाब हवेच्या दाबाच्या साधारण दहापट. पाच किलोमीटर खाली वरच्या दगडाचाच दाब तेराशेपट. तेराशेत दहाची भर घालून एवढी उलथापालथ कशी होईल?

उत्तराचा एक भाग असा की तिथला प्रस्तर आधीच ताणलेला होता, सुटायच्या बेतात. धरणानं ताण निर्माण केला नाही, साठलेला सोडवला. भूकंप आणणं वेगळं आणि यायचाच होता त्याला वेळ देणं वेगळं. शास्त्रज्ञ या फरकाबद्दल फार काटेकोर असतात आणि कोर्टकचेरीच्या दृष्टीनं तो फरक साधा नाही. दुसरा भाग झिरपेचा. पाणी भेगांतून हळूहळू खाली उतरतं किंवा निदान त्याचा दाब उतरतो, आणि भ्रंशाच्या, म्हणजे जमिनीतल्या सरकणाऱ्या भेगेच्या, दोन बाजू एकमेकींना ज्या दाबानं धरून असतात तो कमी होतो. धरून ठेवणारं घर्षण घटलं की बाजू सरकतात. म्हणूनच कोयनेच्या भूकंपांना हंगाम आहे. पावसानं तळं भरलं की सप्टेंबरच्या आसपास एक चढ. मग वीज आणि शेतीसाठी पाणी सोडत पातळी उतरू लागली की डिसेंबराकडं दुसरा. पातळी वर्षाकाठी चाळीस मीटरपर्यंत खालीवर होते. ती किती वेगानं चढली, आणि पूर्वीच्या कमाल पातळीच्या वर गेली का, याकडं अभ्यासक डोळे लावून असतात.

साठ वर्षं होत आली, तरी हे थांबलेलं नाही. पाचच्या वरचे वीसहून अधिक, चारच्या वरचे दोनशेच्या आसपास, लहान धक्के हजारोंनी. आणि हे सगळं साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या तुकड्यात. जगात बाकीच्या बहुतेक ठिकाणी जलाशयाचे भूकंप काही वर्षांत विझत गेले. इथं ते दरवर्षी उगवतात, खोली कमी, जागा ठरलेली, आसपास दुसरा गोंगाट नाही. संशोधकांसाठी याहून चांगली जागा नाही असं म्हणताना ते जरा चाचरतात, कारण ज्यांच्या भिंतींना भेगा जातात ती माणसं शेजारीच उभी असतात.

तीन किलोमीटर खाली

जमिनीवरच्या भूकंपमापकाला वारा ऐकू येतो, ट्रक ऐकू येतो, गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या ऐकू येतात. शिवाय वरचा बेसाल्ट थराथरांचा. लहर त्यातून वर येताना विस्कटते. जत्रेत कुणी कुजबुजत असेल तर त्याच्या तोंडाशीच कान न्यावा लागतो, तसं हे. म्हणून 2011 मध्ये हैदराबाद आणि कोयनेला आंतरराष्ट्रीय खंडीय वेधन कार्यक्रमाची, म्हणजे आयसीडीपीची, कार्यशाळा भरली आणि खोल जायचं ठरलं. आधी कोयना-वारणा पट्ट्यात नऊ शोधविवरं घेतली गेली, त्यांतली काही दीड किलोमीटरपर्यंत. त्यांतल्या निवडक विवरांत ग्रॅनाइटमध्ये भूकंपमापक उतरवले, तेव्हा धक्क्याच्या जागेचा अंदाज बराच नेमका होऊ लागला. मग गोठण्याला मोठं काम : डिसेंबर 2016 ला वेधन सुरू, जून 2017 मध्ये तीन किलोमीटरवर पूर्ण. तेलाच्या विहिरीला लागतो तसला रिग, सह्याद्रीच्या अवघड रस्त्यावरून वर चढवून नेलेला. हे अजून पथदर्शी विवर आहे. मुख्य विवर त्याहून खोल असेल असा बेत आहे.

यातून अपेक्षा नसलेली माणसंही कोयनेला आली. खरगपूरच्या आयआयटीतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ या दगडात जिवाणू शोधतात : इतक्या खोल, उष्ण, अंधाऱ्या ग्रॅनाइटच्या भेगांत कोण राहतं आणि काय खाऊन? भूकंपासाठी पाडलेल्या भोकातून जीवशास्त्राचा प्रबंध निघतो, हे मला फार आवडलं.

फराटे वाचणारी

ती सातारा जिल्ह्यातलीच, कोरेगावकडची. एका संस्थेत पीएच.डी. करते. नाव छापू नका म्हणाली. प्रबंध अजून जमा व्हायचाय. तिचा पडदा उघडला की एकाखाली एक आडव्या रेषा दिसतात, प्रत्येक रेघ एका केंद्राची. रेषा शांत असतात, मग एका क्षणी थरथरतात, ती ‘पी’ लहर. थोड्या वेळानं जास्त मोठी थरथर, ती ‘एस’. पी पुढं पळते, एस मागून येते. दोघींमधल्या अंतराच्या सेकंदांना साधारण आठानं गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते कळतं. दोन सेकंद, म्हणजे सोळा किलोमीटर. चार केंद्रांची चार अंतरं जुळवली की जागा आणि खोली.

हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पी नेमकी कुठं सुरू झाली, यावर दोन जाणत्यांचं एकमत होत नाही. आता संगणक हे करतो. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेली ‘फेजनेट’सारखी शिकलेली यंत्रणा एका रात्रीत महिन्याच्या नोंदी चाळते. पण ती शिकली कॅलिफोर्नियाच्या भूकंपांवर. इकडच्या बेसाल्टमधून आलेल्या लहान धक्क्यांवर तिचं म्हणणं तपासून घ्यावं लागतं. आणि दगडखाणीचे सुरुंग! त्यांना बाजूला काढणं हे तरुण अभ्यासकाचं पहिलं शिक्षण. सुरुंग दिवसा उडतो, बहुधा ठरलेल्या वेळी. त्याचा पहिला धक्का सगळीकडं बाहेरच्या दिशेनं ढकलणारा असतो आणि एस दुबळी. भूकंपात काही केंद्रं ढकलली जातात, काही ओढली जातात. या ढकलण्या-ओढण्याच्या नकाशावरूनच भ्रंश कसा सरकला ते कळतं : कोयनेच्या बाजूला मुख्यतः आडवा, एक बाजू दुसरीला घासत, दक्षिणेला वारणेकडं खाली घसरणारा.

अर्धं काम पडद्याबाहेर. केंद्र असतं शाळेच्या मागं, कुणाच्या परड्यात, आरोग्य केंद्राच्या आवारात. खड्ड्यात यंत्र, वर सौर पाटी, बॅटरी, जीपीएसचा अँटेना. उंदीर वायर कुरतडतात, पावसात खड्ड्यात पाणी शिरतं, वेली पाटीवर चढतात. चांदोलीच्या जंगलाच्या कडेला जायचं तर वनखात्याची परवानगी, आणि जळवा. ‘काका, आमच्या लेखात एक ओळ असते, अमुक केंद्राच्या नोंदी तांत्रिक कारणानं उपलब्ध नाहीत. ते तांत्रिक कारण म्हणजे उंदीर,’ ती म्हणाली.

केंद्राची जागा देणारा शेतकरी, बॅटरी बदलणारा तंत्रज्ञ, जुन्या काळी कागद धुणारा वेधशाळेतला निरीक्षक, यांची नावं निबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत आली तर आली. लेखकांच्या यादीत नसतातच. सगळ्यांना लेखक करा असं मी म्हणणार नाही. लेखाची जबाबदारी घेणं ही वेगळी गोष्ट आहे. पण नोंदींच्या संचाला आता स्वतःचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, उद्धृत करता येतो. तिथं ही नावं लिहायला काही अडचण नाही. तिनं आपल्या संचात ती लिहायची ठरवलीत. तिच्यापेक्षा ज्येष्ठ लोकांनी हे आधी करायला हवं होतं.

शिराळ्याकडची बाजू

कोयनेचं नाव झालं. वारणेचं झालं नाही. सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, शिराळा तालुक्यात, चांदोलीचं मातीचं धरण. त्यात 1985 पासून पाणी साठू लागलं. 1992-93 च्या सुमारास तळं चांगलं भरलं, आणि डिसेंबर 1993 आणि फेब्रुवारी 1994 मध्ये पाचच्या वरचे दोन धक्के वारणेच्या परिसरात बसले. तोवर हादरे कोयनेच्या धरणाजवळ एकवटलेले होते, ते दक्षिणेकडं पसरले. 1993 च्याच सप्टेंबरअखेर किल्लारीचा भूकंप झालेला, त्यामुळं राज्याचं लक्ष लातूर-उस्मानाबादकडं होतं आणि ते रास्तच होतं. पण आरळा, चरण, मणदूरच्या माणसांनी त्या थंडीत रात्री अंगणात काढल्या त्याची गोष्ट फारशी कुणी लिहिली नाही.

दोन तळी, एक पट्टा : हा विज्ञानाच्या दृष्टीनं वारणेचा मोठा धडा. पाण्याचं एक नवं ओझं त्याच तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्यावर काय होतं, हा प्रयोग जाणूनबुजून कुणी केला नसता. तो होऊन गेला. फराटे वाचणाऱ्या त्या मुलीच्या प्रबंधाचा मुद्दाही इथलाच आहे : वारणेच्या बाजूचे लहान धक्के पाण्याच्या पातळीमागून किती दिवसांनी येतात, आणि कोयनेच्या पाण्याचा त्यात वाटा किती.

या भागातला माणूस धरणग्रस्त आणि भूकंपग्रस्त अशा दोन्ही दाखल्यांचा हिशेब जाणतो. नोकरीच्या अर्जात दाखल्याला किंमत आहे, म्हणून कुठलं गाव यादीत, कुठलं नाही, यावर तलाठ्याच्या दारात वाद होतात. भूकंपशास्त्रज्ञाला वाटतं की आपण विज्ञानाबद्दल बोलतोय. समोरचा विचारत असतो की या मशीननं आमच्या गावाचं नाव वर लागेल का. एका आबांनी तिला सरळच विचारलं. तिनं सांगितलं, ‘आबा, यंत्र दाखला देत न्हाई.’ त्यांनी विचारलं, ‘मग काय देतंय?’

परत काय येतं

हा प्रश्न मला या सगळ्यात सर्वांत नेमका वाटला. कोयनेच्या नोंदींवर जगभर पदव्या मिळाल्या, धरणांची मानकं सुधारली. 1970 च्या सुधारणेत तो ‘शून्य’ विभागच नकाशावरून काढून टाकण्यात आला आणि कोयनेचा परिसर चौथ्या विभागात गेला. हर्ष गुप्ता पुढं 2011 ते 2015 या काळात जागतिक भूभौतिक संघटनेचे, आययूजीजीचे, अध्यक्ष झाले. मे 2006 मध्ये त्यांच्या गटानं चारच्या आसपासच्या धक्क्याचा अंदाज आधी लिहून ठेवला आणि काही दिवसांतच तसा धक्का बसला. कोयनेत अंदाज शक्य दिसतो, असं त्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं. शब्द जपून वापरलेले होते. चारच्या धक्क्याचा अंदाज आणि सहाच्या धक्क्याचा इशारा यांत फार अंतर आहे, हे त्या क्षेत्रातले सगळे जाणतात.

पण गावाकडं परत यावी अशी गोष्ट म्हणजे घर कसं बांधायचं, एवढीच उपयोगाची. 1967 ला माणसं दबली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींखाली. आजही जुनी घरं तशीच, आणि नवी घरं खाली पार्किंगसाठी नुसते खांब सोडून वर मजले चढवलेली. भिंतींना जोडणारा पट्टा, कोपऱ्यातलं लोखंड, जड छपराला पर्याय. हे सगळं माहीत आहे, फार महाग नाही. ते गवंड्यापर्यंत पोचत नाही, कारण ते पोचवणं हे कुणाच्याच नेमणूकपत्रात नाही.

आताची तरुण पिढी या बाबतीत थोडी वेगळी दिसते. त्या कोरेगावकडच्या मुलीच्या वेळापत्रकात प्रबंधासोबत बरंच काही आहे. इंडियन जिओफिजिकल युनियनच्या वार्षिक अधिवेशनात पोस्टर. परदेशी नियतकालिकानं तपासायला पाठवलेला दुसऱ्याचा निबंध, ज्याचे पैसे मिळत नाहीत आणि नावही कळत नाही. समवयस्कांचा ऑनलाइन गट : चिली, तुर्कस्तान, इंडोनेशियातली मुलं दर महिन्याला एकमेकांचे चुकलेले आलेख दाखवतात. शाळांतून कार्यक्रम. शिराळ्याकडच्या एका शाळेत तिनं खऱ्या नोंदीचा कागद छापून नेला आणि नववीच्या पोरांना पट्टीनं पी आणि एस मोजायला लावलं. अंतर काढून नकाशावर वर्तुळं काढली. तीन वर्तुळं जिथं एकमेकांना छेदली तिथं एका मुलीचं मामाचं गाव निघालं, आणि वर्गात आरडाओरडा झाला.

एकाच जमिनीच्या नोंदी खडकवासला, नाशिकची ‘मेरी’ ही संशोधन संस्था, हैदराबाद, कराड आणि दिल्ली अशा वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. प्रत्येकाची यंत्रं वेगळी, सोयी वेगळ्या. त्या एका जागी, कुणालाही उघडून बघता येतील अशा ठेवणं, हे एका निबंधापेक्षा मोठं काम आहे. तिच्यासारख्या मुलांनी ते आपणहून सुरू केलंय : जुन्या वहीतले आकडे टंकायचे, वेळेतल्या चुका जुळवायच्या, दोन याद्यांत दोनदा आलेला धक्का एकदाच ठेवायचा. 1960 च्या दशकातल्या एखाद्या निरीक्षकानं समासात ‘जोराचा पाऊस’ असं लिहिलेलं असेल तर तेही टंकायचं, कारण त्या दिवशीच्या फराट्यातली थरथर जमिनीची नसून पावसाचीही असू शकते.

या कामाला पदोन्नतीच्या कागदावर रकाना नाही. छात्रवृत्ती आधी महिना 37,000, नंतर 42,000, आणि साधारण पाच वर्षं. तिची पुढल्या वर्षी संपते. त्यानंतर बाहेरच्या देशात पोस्ट-डॉक किंवा एखाद्या प्रकल्पावरची कंत्राटी जागा. गवंड्यांसाठी आठ पानांची मराठी पुस्तिका लिहायला घेतलीय, चित्रं मावसभाऊ काढतोय. तो कराडात फ्लेक्स छापतो. पुस्तिका आधी पुरी होते की प्रबंध, यावर घरात पैज लागलीय. आईनं पुस्तिकेवर लावलीय.